अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या डब्या आणि आपली जुनी गाडी

ज्याच्या दारात बारा-पंधरा वर्षांची जुनी गाडी उभी आहे, त्याला सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. निम्मे म्हणतात, विकून मोकळे व्हा. उरलेले म्हणतात, अहो, हे एकदा लावून बघा, अ‍ॅव्हरेज वाढतं. हे ‘हे’ म्हणजे काय, तर पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचली की निळा दिवा लागणारी डबी, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारी ‘चिप’, एअर फिल्टरच्या नळीत सरकवायचा पत्र्याचा पंखा, पाण्यापासून वायू काढणारी बाटली किंवा टाकीत टाकायची गोळी. किंमत तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. दावा मात्र सगळ्यांचा सारखाच : पंधरा, वीस, तीस टक्के बचत.

नागपूरसारख्या शहरात हा माल खपतो याचं आश्चर्य वाटायला नको. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत रोज स्वतःच्या गाडीने जाणारा माणूस महिन्याला सहा-सातशे किलोमीटर सहज करतो. पेट्रोल शंभरच्या वर आहे आणि नवी गाडी घ्यायची म्हणजे पुन्हा हप्ते. अशा वेळी हजार रुपयांत पाचवा हिस्सा पेट्रोल वाचणार असेल तर मोह होणारच. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो : घेऊ नका. कारण समजून घेतलंत तर पुढचा विक्रेता नव्या नावाची डबी घेऊन आला, तरी पुन्हा कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

पेट्रोल जातं कुठे?

बहुतेक सगळ्या डब्यांचा युक्तिवाद एकाच गृहीतावर उभा आहे. तुमच्या इंजिनात पेट्रोल अर्धवट जळतं, आम्ही ते पूर्ण जाळतो, म्हणून बचत होते. ऐकायला पटतं. पण धड चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात आत गेलेल्या पेट्रोलपैकी साधारण ९७-९८ टक्के जळतंच. उरलेले दोन-तीन टक्के कोणत्याही जादूने पूर्ण जाळले, तरी बचत दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. तीस टक्के येणार कुठून?

नुकसान खरं आहे, पण ते दुसरीकडे आहे. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर त्यातले फार तर पंचवीस-तीस रुपयेच गाडी ओढायच्या कामी येतात. बाकीची उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते. ही इंजिनाच्या रचनेचीच मर्यादा आहे. ती थोडी जरी सरकवायची तर इंजिन नव्याने घडवावं लागतं आणि त्यासाठी गाड्या बनवणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षं खर्च करतात. आपल्याकडे २०१७ पासून कंपन्यांना ‘कॅफे’ नियम लागू आहेत. विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढून कार्बन डायऑक्साइड आधी किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आत आणि २०२२ पासून ११३ ग्रॅमच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर दंड. एकेक टक्का वाचवण्यासाठी या कंपन्या टायरचं रबर बदलतात, पत्रा हलका करतात, सिग्नलवर इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा बसवतात. नळीवर चुंबक बांधून वीस टक्के मिळाले असते तर ते चुंबक कारखान्यातूनच लागून आलं असतं आणि त्याची जाहिरातही मारुतीनेच केली असती.

एकेक वस्तू हातात घेऊन

चुंबकापासून सुरू करू. विक्रेता सांगतो की पेट्रोलचे रेणू गुच्छ करून बसलेले असतात आणि चुंबकामुळे ते सुटे होतात. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो की मोजायलाही प्रयोगशाळा लागते. गुच्छ सुटे होणं हा शुद्ध कल्पनाविलास.

ओबीडीची चिप जरा हुशारीने विकली जाते. ‘ही तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलते, तुमची चालवण्याची पद्धत शिकते, दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर फरक दिसतो.’ अशा स्वस्त डब्या उघडून पाहिल्या तेव्हा आत बहुतेक वेळा एक छोटी पट्टी, दोन-चार सुटे भाग आणि लुकलुकणारे दिवे एवढंच निघालं. गाडीच्या संगणकाला आज्ञा द्यायची कुवतच त्यात नव्हती. ते दोनशे किलोमीटर होईपर्यंत वस्तू परत करायची मुदत संपलेली असते, हा विक्रेत्याचा खरा फायदा. जुन्या गाडीवाल्यांसाठी आणखी एक गंमत. आपल्याकडे ओबीडी (गाडीतले दोष नोंदवणारी यंत्रणा) बंधनकारक झालं एप्रिल २०१० पासून आणि त्याची दुसरी, सुधारलेली पायरी एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत हे सॉकेटच नाही. तरीही ‘सर्व गाड्यांसाठी’ असं खोक्यावर छापलेलं असतं.

लायटरच्या सॉकेटमधली डबी म्हणे गाडीचं व्होल्टेज स्थिर करते. ते काम बॅटरी आणि अल्टरनेटर आधीपासून करतच आहेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर डबीने करायचं काही उरत नाही. मिळत नसतील तर बॅटरी किंवा अल्टरनेटर दाखवायला हवा.

हवेच्या नळीतला पंखा हवा गरगर फिरवतो, हे खरं. पण तो नळीत अडथळाही होतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राहावं म्हणून संगणक सतत पेट्रोल कमी-जास्त करत असतो. पुढे हवा फिरवा, तापवा, थंड करा, तो पुन्हा आपल्या प्रमाणावर येतो.

पाण्यावरचं यंत्र सगळ्यांत रंगवून विकलं जातं. पाण्याचं विघटन करून हायड्रोजन तयार होतो हे शाळेच्या पुस्तकातलं सत्य असल्यामुळे माणूस फसतो. पण विघटनाला वीज लागते, वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन पेट्रोलवर. या प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून शेवटी मिळणारा हायड्रोजन त्यासाठी जाळलेल्या पेट्रोलहून कमीच भरतो. शिवाय बॉनेटखाली ज्वालाग्राही वायू आणि हौशी वायरिंग. ही वस्तू निरुपयोगी आहे आणि धोक्याचीही.

पेट्रोल इंजिनात जाण्याआधी तापवणारी यंत्रंही मिळतात. नागपुरात, मे महिन्यात, पेट्रोल तापवायला यंत्र! ज्यांनी अँबेसेडर किंवा पद्मिनी चालवली आहे त्यांना ४५ अंशांत भर चौकात बंद पडलेली गाडी आठवत असेल. इंजिनाला चिकटून असलेला पेट्रोल पंप इतका तापायचा की पेट्रोलची आतच वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफ ढकलायचा. मग पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत उभं राहायचं. तेव्हा पेट्रोल थंड ठेवण्याची धडपड चालायची.

गोळ्या आणि बाटल्यांबाबत थोडा भेद करायला हवा. चांगल्या कंपनीचं इंजेक्टर क्लीनर खरोखर साचलेली घाण काढू शकतं आणि इंजेक्टर तुंबलेला असेल तर गेलेलं अ‍ॅव्हरेज परत येतं. पण गेलेलं परत येतं, नवं मिळत नाही. इंजेक्टर स्वच्छ असेल तर बाटलीचा परिणाम शून्य. हीच गोष्ट ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या महाग पेट्रोलची. ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागत नाही, त्याला ते पाजून अ‍ॅव्हरेज वाढत नाही.

या वस्तू कोणी तपासल्याच नाहीत असंही नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए १९७० च्या दशकापासून असल्या उपकरणांची परीक्षा घेत आली आहे. शंभराहून जास्त उपकरणं तपासून झाली. त्यातल्या मोजक्याच उपकरणांनी काही फायदा दाखवला, तोही किरकोळ. काहींमुळे धूर वाढला. तो किरकोळ फायदाही कोणत्या गाड्यांत, तर कार्ब्युरेटरच्या, ज्यांचं मिश्रण आधीच गरजेपेक्षा श्रीमंत म्हणजे जास्त पेट्रोलचं होतं. उपकरणाने हवा थोडी जास्त सोडली आणि पेट्रोल कमी झालं. तेच काम मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरने करतो. पॉप्युलर मेकॅनिक्स या अमेरिकी मासिकानेही २००५ मध्ये चुंबक, पंखा वगैरे मंडळींना डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून पाहिलं आणि जाहिरातीतला फायदा कुठेच सापडला नाही.

भारतात अशा चमत्कारांचा सगळ्यांत गाजलेला प्रकार म्हणजे १९९६ मधलं रामर पिल्लैचं ‘हर्बल पेट्रोल’. झाडपाल्यापासून पेट्रोल करतो असा दावा होता आणि शास्त्रज्ञ, मंत्री, वर्तमानपत्रं सगळे काही दिवस त्या नादात होते. सीबीआयच्या खटल्यात २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. वीस वर्षं लागली. आपल्या हजार रुपयांच्या डबीसाठी कोण एवढा पाठपुरावा करणार, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

“पण माझ्या गाडीत फरक पडला!”

असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. फरक त्यांनी पाहिलेला असतो. तो डबीमुळे पडला का, एवढाच प्रश्न.

डबी लावल्यावर माणूस मीटरकडे लक्ष देऊन चालवतो, अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबतो, सिग्नल लाल दिसला की आधीच पाय काढतो. यातूनच अ‍ॅव्हरेज सुधारतं, आणि श्रेय निळ्या दिव्याला जातं. शिवाय डबी बसवताना मिस्त्री बहुधा प्लग साफ करतो, हवा भरून देतो. बॅटरीची वायर काढून लावली तर संगणक आधी शिकलेलं विसरतो आणि काही दिवस गाडी वेगळीच वागते.

तिसरं कारण मोजणीतली चूक आणि ती वाटते त्यापेक्षा मोठी असते. समजा, तुम्ही १४० किलोमीटर चालवून टाकी पुन्हा फुल केली आणि १० लिटर बसलं. अ‍ॅव्हरेज १४. पुढच्या वेळी गाडी पंपावर किंचित उतारावर उभी राहिली, नोझल जरा लवकर बंद झालं आणि ९ लिटरच बसलं. अ‍ॅव्हरेज झालं साडेपंधरा. इंजिनात काही न बदलता अकरा टक्के ‘बचत’! तीच एका लिटरची चूक ४२० किलोमीटर आणि ३० लिटरवर आली असती तर आकडा १४ वरून साडेचौदाच झाला असता. म्हणून पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून अ‍ॅव्हरेज काढणाऱ्याने डबीवर निकाल देऊ नये.

खरंच तपासायचं असेल तर पंप एकच ठेवा, शक्यतो मशीनही तेच. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबायचं. ‘राउंड फिगर करा’ म्हणायचं नाही आणि काठोकाठही भरायची नाही, त्याने पेट्रोल वाफेच्या नळीत जातं. टाकी पाव उरेपर्यंत चालवायची. अशा तीन टाक्या डबीशिवाय, तीन डबी लावून आणि पुन्हा तीन डबी काढून. रस्ता रोजचाच हवा. एकदा ऑफिस आणि एकदा रामटेक अशी तुलना चालत नाही. डबी काढल्यावर अ‍ॅव्हरेज जर पुन्हा खाली आलंच नाही, तर ते वाढवणारा दुसराच कोणी होता. त्याहून चांगला उपाय असा की डबी लावायची की नाही हे घरातल्या दुसऱ्या कोणाला ठरवू द्या आणि चालवणाऱ्याला सांगूच नका. चुंबकाच्या बाबतीत हे सहज जमतं. बॉनेट उघडून बघायचं नाही, एवढं पथ्य.

जुनी गाडी पेट्रोल का पिते?

आता कामाचं. जुनी गाडी जास्त पेट्रोल खाते ती बहुधा कुठेतरी काहीतरी अडकलं, झिजलं किंवा चुकीचं बसवलं गेलं म्हणून. डबीवाला हे न शोधताच इलाज विकतो. शोधायला खर्च फार नाही, एका चांगल्या मिस्त्रीचे दोन तास पुरतात.

पहिलं काम, चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवणं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सुटा. ज्या दोन चाकांना इंजिनाची ताकद जात नाही, ती एका झटक्यात दोन-तीन फेरे सहज फिरली पाहिजेत. अर्ध्या फेऱ्यात घासत थांबलं तर ब्रेक धरून राहिला आहे. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना गंजून अडकणं किंवा हँडब्रेकची केबल पूर्ण न सुटणं हे जुन्या गाड्यांत नित्याचं. घरच्या घरी ताडायचं तर पाच-सहा किलोमीटर चालवून या आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर चोर सापडला. अशी गाडी घेऊन कोणी डबीबद्दल विचारायला आलं की आपल्याकडचा मिस्त्री सरळ सांगतो, “काका, डबी काहून घेता? आधी चाक तं मोकळं फिरू द्या.” हजार रुपयांच्या आत होणारं हे काम. यामुळे आणि हवा, प्लग यांच्या दुरुस्तीमुळे १२ वर आलेली गाडी १४ वर गेली, तर महिन्याच्या ६०० किलोमीटरला सात लिटर वाचतात. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सातशे चाळीस रुपये, दर महिन्याला.

दुसरी गोष्ट नागपूरच्या उन्हाळ्याची देणगी आहे. गाडी तापते म्हणून कुठल्यातरी गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो आणि रेडिएटरचा पंखा ‘डायरेक्ट’ केलेला असतो, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू, तो थेट चावी काढेपर्यंत. जुनी गाडी घेतली असेल तर हे आधीच्या मालकाने केलं असण्याचा संभव फार. परिणाम असा की डिसेंबरच्या सकाळी वर्धा रोडवर गाडी पार बुटीबोरीला पोहोचते तरी इंजिन पुरेसं गरम होत नाही. संगणकाला वाटतं, इंजिन अजून थंडच आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खूप खाली रेंगाळत असेल तर पहिला संशय इथे घ्या. गाडी तापण्याचं मूळ कारण बहुधा चोंदलेलं रेडिएटर, पाण्याचा थकलेला पंप किंवा कूलंटऐवजी भरलेलं नळाचं पाणी. ते दुरुस्त करा, थर्मोस्टॅट परत बसवा आणि पंखा पुन्हा स्विचवर घ्या.

तिसरं, प्लग काढून त्यांचा रंग बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला तेलकट काळपटपणा म्हणजे ऑइल वर येतंय आणि मग खर्च मोठा आहे, अ‍ॅव्हरेजची चिंता दुय्यम. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत काजळी दिसली तर ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. हा सेन्सर पूर्ण निकामी झाला तर दुरुस्तीनंतर अ‍ॅव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला मिळणारी नाही. पण डबीवाले सांगतात तो आकडा प्रत्यक्षात कुठे मिळू शकतो, तर इथे. इंजिनाचा पिवळा दिवा महिनोन्महिने लागलेला असताना त्यावर काळी चिकटपट्टी लावून फिरणारे लोक आपण पाहतोच. स्कॅनर लावून कोड वाचायला जेवढे पैसे पडतात, त्याच्या दुपटी-तिपटीची चिप मात्र ते घेतात.

कार्ब्युरेटरची जुनी मारुती ८०० असेल तर चोक पूर्ण आत जातो का ते बघा. केबल अडकली की बटण आत जातं, पण खाली पट्टी अर्धवट बंदच राहते. कार्ब्युरेटर साफ करून आयडलिंग आणि मिश्रण पीयूसीच्या मशीनवर बघत लावून घ्या. अंदाजाने, आवाजावर लावलेलं मिश्रण बरोबर असेलच असं नाही. एअर फिल्टरबाबत एक मजेदार फरक आहे. ओक रिज या अमेरिकी प्रयोगशाळेच्या चाचण्यांत असं दिसलं की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला तर पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज जवळपास तेवढंच राहतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र चोंदलेला फिल्टर बदलला तर दोन ते सहा टक्के फायदा होतो. त्यामुळे २००० सालाआधीची गाडी असेल तर फिल्टरकडे आधी लक्ष द्या. धुळीच्या दिवसांत तर नक्कीच.

टायरच्या हवेबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. फायदा लोक सांगतात तेवढा नाही. प्रत्येक पीएसआय कमी असण्यामागे साधारण ०.२ टक्के पेट्रोल जास्त लागतं. पण हवा जवळपास फुकट मिळते. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की दाब साधारण एका पीएसआयने बदलतो. नागपुरात डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तीस-पस्तीस अंशांचं अंतर, म्हणजे सहा पीएसआयचा खेळ. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. स्टिकर उडालं असेल तर मॅन्युअलमध्ये. मागच्या मालकाने हौसेने मोठे टायर घातले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज कागदावरच घसरतं. मोबाइलच्या जीपीएसशी एकदा मीटर ताडून बघा.

क्लच घसरतो का, सायलेन्सर तुंबला आहे का, टाकीच्या झाकणाचं रबर वाळलं आहे का, हेही त्याच फेरीत होऊन जाईल. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी नळी बघा. तिथे प्रश्न जिवाचा आहे.

इथेनॉलचा हिशेब

गेल्या काही वर्षांत जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज कमी झालंय असं वाटत असेल तर त्यात पंपावरच्या पेट्रोलचाही वाटा आहे. इथेनॉलचा आग्रह धरणारे सगळ्यांत ठळक नेते नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. इथेनॉलवर धावणारी स्कॅनियाची बस २०१४ मध्ये याच शहरात फिरली. आता देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे साधा गुणाकार केला तरी लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलवर जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. नंतर २०२५ मध्ये सरकारने जुन्या गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के असा आकडा दिला.

ही घट कोणतीही डबी भरून काढू शकत नाही, कारण ऊर्जा मुळातच टाकीत कमी गेलेली आहे. तरीही ‘ई-२० प्रोटेक्टर’ नावाच्या बाटल्यांचा धंदा सुरू झाला आहे. त्यापेक्षा जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासून घ्या. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर हे भाग बदलावे लागू शकतात, असं सरकारनेच म्हटलं आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत संगणक नसल्याने नव्या पेट्रोलवर मिश्रण आपोआप सुधारत नाही, ते पुन्हा लावून घ्यावं लागतं. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत पाणी सुटण्याचा धोका वाढतो. आठवड्यातून एकदा चक्कर मारा.

वेग आणि पाय

चालवण्यातला फायदा कोणत्याही डबीपेक्षा मोठा. पीसीआरए ही पेट्रोल बचतीचं काम करणारी सरकारी संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे की ४५ ते ५५ च्या वेगात ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर मिळतं. समृद्धी महामार्गावर १२० ची परवानगी आहे म्हणून जुनी गाडी १२० वर पळवली तर ८० च्या तुलनेत हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. टायरही त्या वेगाच्या लायकीचे आहेत का, हा वेगळाच प्रश्न. शिर्डीला जाताना ८०-९० वर राहिलात तर दीड-दोन तास जास्त लागतील, पण पेट्रोलचा काटा बराच मागे थांबेल.

शहरात लहान इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. व्हरायटी चौकात टाइमरवर नव्वद सेकंद दिसत असतील तर इंजिन बंद करा. स्टार्टर आणि बॅटरी धड असतील तर.

इंधनाचा खर्च खरोखर कमी करू शकणारी बाहेरून बसवायची वस्तू म्हणजे सीएनजी किट. तीही अ‍ॅव्हरेज वाढवत नाही, इंधनच बदलते. किट त्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेलं हवं, आरसी बुकावर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी हवी. नागपूरकरांनी मात्र पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा हिशेब इथे लावू नये. २०२२ मध्ये आपल्याकडे सीएनजी किलोला ११६ ते १२० रुपयांवर गेला होता, देशातल्या सर्वांत महाग दरांपैकी एक. आजचा स्थानिक दर आणि आपलं महिन्याचं अंतर मांडून किटचे पैसे किती वर्षांत फिटतात ते बघा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला पुन्हा नोंदणीचा खर्च आणि हरित कर आहेच, तोही त्यात धरा.

डबी घेतलीच असेल तर

चुंबक किंवा निळ्या दिव्याची डबी काढून ठेवली की विषय संपला. पण पाण्यावरचं यंत्र, पेट्रोलच्या नळीत कापून बसवलेला हीटर किंवा वायरिंगमध्ये जोड देऊन लावलेली चिप असेल तर ती चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या आणि नळी मूळ मापाची नवी टाका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करायला मनाई करतं आणि अशा जोडणीतून आग लागली तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

पैसे परत हवे असतील तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि खोकं जपून ठेवा. ‘३० टक्के बचत’ असं लिहिलेलं खोकंच तुमचा पुरावा आहे. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेवढ्याने नाही भागलं तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही.